कानटोपीवाला आणि गोटाळीची हिमनदी

मे महिन्याचा दुसरा आठवडा, दुपारचे साडेबारा, आणि सीताबर्डीच्या फुटपाथवर एक माणूस लोकरीची कानटोपी मागत होता.

मी शेजारच्या गाडीवर स्कार्फ बघत होते. नागपूरच्या मुलींना स्कार्फ बघावेच लागतात. उन्हाळाभर जगाला आमचे फक्त डोळे दिसतात. त्या डोळ्यांनी मी त्याला पाहिलं. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानशिलावरून घाम ओघळतोय, आणि हा दुकानदाराला अगदी गंभीरपणे सांगतोय, "कान झाकणारी पायजे. लाल असन तं बरं."

दुकानदाराने हातातल्या पुठ्ठ्याने वारा घेणं थांबवलं. "भाऊ, दिसंबर में आना."

"डिसेंबरले घेऊन काय करू? काम आत्ता हाय."

मी हसले. स्कार्फच्या आत हसले, आवाजही केला नाही. तरी तो वळला.

"काहून हासून राहिल्या जी?"

"मी कुठे हसले? तोंड तरी दिसतंय का माझं?"

"डोळे हासून राहिले ना."

आता असं कुणी म्हटल्यावर डोळ्यांचं काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. मी ते उगाच मोठे केले. "ऊन लागलंय तुम्हाला," मी म्हटलं. "खिशात कांदा ठेवत जा."

त्याने पँटच्या खिशात हात घातला आणि एक अख्खा कांदा काढून मला दाखवला. "हाय ना."

तेवढ्यात दुकानदाराने गाडीखालच्या पोत्यातून एक लाल टोपी उपसून काढली. वर पांढरा गोंडा होता. गड्याने ती तिथेच डोक्यावर चढवली, कान झाकून घेतले, आणि आरसा नव्हता म्हणून माझ्याकडे वळला. "कशी दिसते?"

"थर्मामीटरसारखी. दहापैकी तीन."

"तीन काहून?"

"दोन टोपीला, एक धाडसाला."

"मंग मले सोताले शून्य?" त्याने टोपीतूनच विचारलं. त्याच्या आवाजात इतकी खरी निराशा होती, की मला पुन्हा हसू आलं. तो टोपी घालूनच गर्दीत शिरला, आणि व्हेरायटी चौकापर्यंत तो पांढरा गोंडा मला दिसत राहिला. मी एवढा वेळ का बघत होते, ते विचारू नका. स्कार्फ घ्यायचा राहिला, एवढं खरं.

मार्क देणं हा माझा रोग आहे आणि धंदाही. मी शामला निखारे. नाव आजीचं, वय सत्तावीस, शिक्षण भूशास्त्रात. बाबा एकेकाळी हातमागावर नऊवारी विणायचे; माग गेला, आता ते बर्डीवरच्या एका कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर साड्या उलगडतात. मी एका छोट्या संस्थेत काम करते. विदर्भातली जी भूशास्त्रीय ठिकाणं कागदोपत्री संरक्षित आहेत, तिथे पर्यटक येतील का, आले तर काय बघतील, कुठे बसतील, याची पाहणी करून आम्ही शंभरपैकी गुण देतो. साठ मिळाले तर ठिकाण पर्यटनाच्या यादीत. मग तिथे निवारा, पाणी, माहितीचे फलक, सगळं येतं. पन्नास ते साठ म्हणजे एक वर्षाची मुदत आणि फेरपाहणी. पन्नासच्या खाली गेलं की फाईल बंद.

दुसऱ्या दिवशी मला गोटाळीला जायचं होतं. उमरेडच्या पुढे, एसटीने दोन तास. गोटाळीत हिमनदी आहे. म्हणजे होती... तीस कोटी वर्षांपूर्वी. आपला हा सगळा भाग तेव्हा बर्फाखाली होता. बर्फ सरकताना त्याच्या तळाला अडकलेले दगड खालच्या चुनखडीवर घासत गेले आणि त्यांच्या रेषा तेवढ्या राहिल्या. ओढ्याकाठचा तो उताराचा खडक, भोवती विखुरलेले गोलमटोल गोटे, तारेचं कुंपण आणि 'संरक्षित क्षेत्र' असा गंजका फलक, एवढीच आमची हिमनदी.

एसटीतून उतरले, तेव्हा पारा चव्वेचाळीसवर होता. फलकापाशी कुणी दिसेना. मी हाक मारली, "कुणी आहे का?"

गोट्यांच्या ढिगाआडून आधी एक पांढरा गोंडा वर आला. मग लाल टोपी. मग तो.

"हिमनदीत तुमचं स्वागत हाय," तो पाठ केल्यासारखं म्हणाला, आणि मग माझ्या डोळ्यांकडे पाहून थांबला. स्कार्फ तोच जुना होता. "तीन मार्कवाल्या मॅडम?"

"तुम्ही इथले... राखणदार?"

"राखणदार, गाईड, माळी, सगळं मीच. धम्मानंद गजभिये." त्याने टोपी काढायला हात वर नेला, पण काढली नाही. "मॅडम, पाहणीवाल्या तुमीच हाय का जी?"

"मीच."

"मेलो," तो हळूच म्हणाला.

टोपीचं कारण मात्र त्याने नीट सांगितलं. लोक येतात, विचारतात बर्फ कुठंय. हा म्हणतो, मनात आणा. चव्वेचाळीस डिग्रीत बर्फ कुणाच्या मनात येत नाही. "मंग म्या इचार केला, टोपी घालून पाहू. टोपी पाह्यली का लोकं हासतात. अन् हासले का ऐकतात. तुमी बी हासल्याच ना?"

"मी ऐकलं कुठे?"

"ऐकून तं राहिल्या," तो म्हणाला.

मी फॉर्म काढला. कडक व्हायचं ठरवलं की मी आधी पेन टकटक वाजवते. ते वाजवून झालं.

"स्वच्छतागृह?"

"हाय."

"कुठे?"

"मावशीच्या घरी. चाबी माझ्यापाशी राह्यते."

"शून्य."

"मावशीले सांगू नका जी. फरशी नवी बसवली तिनं."

"पिण्याचं पाणी?"

"मावशीचा माठ."

"उपाहारगृह?"

"मावशी." त्याने गावाकडे हात केला. "आज गोळाभात हाय. तुमच्यासाठी कढी बी सांगतली."

"तुमच्या या मावशीला सोडून इथे काही सोय आहे का?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "मी हाय ना."

त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता. मी दुसरीकडे पाहिलं. ऊन फार होतं, गाल तापले होते, उन्हानेच तापले असणार.

"तुमी दगड तं पाह्यलाच नाई अजून," तो म्हणाला. "इथी बसा. नाई, तिथी नाई, चटका बसन." त्याने खांद्यावरचा दुपट्टा खडकाच्या कडेला अंथरला, गडूत पाणी घेतलं आणि उताराच्या वरच्या टोकाला जाऊन उभा राहिला. "पाहा आता."

त्याने पाणी सोडलं.

कोरड्या करड्या खडकावर तोवर मला विशेष काहीच दिसत नव्हतं. पाणी जसजसं खाली आलं, तसतशा रेषा उठायला लागल्या. एक, मग दहा, मग पार ओढ्यापर्यंत. सगळ्या एकाच दिशेने जाणाऱ्या, बाबांच्या मागावर ताणलेल्या सुतासारख्या. मी अशा रेषा पुस्तकांत पाहिल्या होत्या, परीक्षेत काढल्या होत्या. पण पाण्याखालून त्या एकेक करून वर येताना कधी पाहिल्या नव्हत्या. मी बोटाने एक रेषा धरली आणि ती संपेपर्यंत सरकत गेले. संपली तिथे त्याचे पाय होते.

"मले बी पयल्या वेळी असंच झालं होतं," तो वाकून म्हणाला. "मी मौद्याले वीज प्रकल्पात कंत्राटी कामावर होतो. दिवसभर कोळसा. एक दिवस एका साहेबानं सांगतलं, बर्फ वितळला तवा जंगल उगवलं, जंगल गाडलं गेलं त्याचा हा कोळसा. म्या म्हटलं, मंग बर्फ कुठी होता? थे म्हणे, तुया मावशीच्या गावात. रविवारी आलो, पाणी टाकून पाह्यलं... पुढच्या मयन्यात नौकरी सोडली."

"घरी काही म्हणाले नाहीत?"

"माय अजून म्हणून राहिली."

पाणी उन्हाने वाळत गेलं आणि रेषा पुन्हा दगडात गेल्या. त्याने गडू ठेवला आणि एक जाड वही माझ्यापुढे केली. अभिप्रायाची वही होती, रकाने त्यानेच पट्टीने आखले होते. नाव, गाव, काय आवडलं, आणि शेवटचा रकाना: पुन्हा याल का? मी पानं चाळली. 'नाही.' 'सावली झाल्यावर.' 'बर्फ पडला की कळवा.' 'गाईड चांगला आहे पण नाही.' दोन वर्षांच्या त्या वहीत पुन्हा आलेला एकही माणूस नव्हता.

"यालेही मार्क हायेत का?" त्याने विचारलं.

"आहेत. पाच." मी शून्य लिहिलं. फार हळू लिहिलं.

जेवायला वच्छलामावशीकडे गेलो. मावशी म्हणजे बुटक्या, चपळ, आणि घर असं लख्ख की पितळी डब्यात माझा चेहरा दिसत होता. गोळाभात वाढता वाढता त्यांनी विचारलं, "किती मार्क पडले आमच्या दगडाले?"

"अजून बेरीज व्हायचीय. पण दिसण्यात कमी पडतोय," मी सांगितलं. "काळं बसलंय ना त्यावर, शेवाळ वाळलंय. रेषा उठून दिसत नाहीत."

मावशींनी फक्त डब्याकडे एकदा पाहिलं. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

परतीच्या एसटीत मी बेरीज केली. सत्तेचाळीस. पुन्हा खालून वर केली. सत्तेचाळीस. माझ्या सहा वर्षांच्या कामात मी सात फायली बंद केल्या होत्या आणि त्या रात्री शांत झोपले होते. या वेळी फाईल बंद होणं म्हणजे तीस जूनला धम्मानंदचं कंत्राट संपणं, आणि तो पुन्हा कोळशावर. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मला ते नको होतं. आणि मला ते नको होतं हेच मला नको होतं.

शनिवारी दुसरी फेरी असते, नियमच आहे. मधल्या दिवसांत फोनवर त्याचे फोटो येत राहिले. सकाळचा दगड. संध्याकाळचा दगड. दगडावर बसलेला सरडा.

'आज दगडाने तुमची आठवण काढली,' त्याने बुधवारी लिहिलं.

'दगडाला सांगा, पाहणी सुरू असताना ओळख काढायची नसते.'

'सांगितलं. तो म्हणतो तीस कोटी वर्षं थांबलो, शनिवारपर्यंत थांबीन.'

शुक्रवारी फोटो आला नाही. आईला घेऊन तो धंतोलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे आला होता, हे मला नंतर कळलं. दिवसभरात मी फोन किती वेळा पाहिला, त्याचे मात्र मार्क सांगणार नाही.

शनिवारी दुपार कलल्यावर पोहोचले. तो टोपी घालून फाटकाशीच उभा होता. गडूभर पाणी घेऊन आम्ही खडकावर गेलो, त्याने पाणी सोडलं, आणि मी जागेवरून उठून उभी राहिले.

खालच्या बाजूला, खाटेएवढ्या जागेत, जुन्या रेषांवरून आडव्या रेषांचा दुसरा संच गेला होता. बारीक, दाट, स्वच्छ.

"हे... मंगळवारी नव्हतं दिसलं."

"मी रोज पाह्यतो, मले बी कधी नाई दिसलं," तो पुटपुटला.

"उजेड. उजेड तिरपा आहे आता, म्हणून." मी गुडघे टेकून खाली बसले. "दोन दिशा आहेत, कळतंय का तुम्हाला? बर्फ दोनदा आला. एकदा इकडून, मग इकडून. असं ठिकाण आपल्याकडे नाही कुठे."

मी होकायंत्र ठेवलं. ते उतारावर घसरत होतं म्हणून त्याने ते दुसऱ्या बाजूने धरलं. बोटांना बोटं लागली. दोघांनीही हात काढले नाहीत. शास्त्रीय कारणासाठी यंत्र स्थिर असावं लागतं.

कुंपणापाशी वच्छलामावशी चार बायका घेऊन उभ्या होत्या. पदर खोचलेले, चेहरे फुललेले. "चांगलं निघालं ना वं, पोरी?"

"फारच सुंदर निघालं, मावशी," मी म्हटलं.

"मी म्हणतच होती, निघन म्हणून. लय दिवसांचं बसलेलं होतं."

"तीस कोटी वर्षांचं," मी म्हटलं.

"तरीच," मावशी आपले तळहात चोळत म्हणाल्या.

शास्त्रीय महत्त्व अठराचं एकोणतीस झालं. दृश्य आकर्षणात तीन वाढले. एसटीत बेरीज केली, एकसष्ट. मी खालून वर करून पाहिलीच नाही.

रविवारी दुपारी बाबा घरी होते. मी त्यांना फोटो दाखवला. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी नेला. कापडाची वीण ते तशीच बघतात.

"हे उभे धागे जुने," ते म्हणाले. "हे आडवे काल-परवाचे."

"बाबा, तीस कोटी वर्षांचे आहेत ते."

"असतील. पन हात मान्साचा वाटून राहिला, बेटा. टोकाले पाह्य, वळते. थकल्यावर हात असाच वळते."

मी फोन घेतला आणि पालथा ठेवला. बाबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. ते दिवसभर गिऱ्हाइकं बघतात. माणसाला एखादी वस्तू हवीच असली की तो तिचा दोष बघत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. आणि खरं सांगायचं तर मलाही ते वळण दिसलं होतं. शनिवारीच, क्षणभर.

सोमवारी पाच वाजता फॉर्म देवरावसरांच्या टेबलावर जायचा होता. देवराव सर म्हणजे आमचे प्रमुख, चाळीस वर्षं दगड फोडून त्यांचा चेहराही थोडा तसाच झालाय. सव्वाचारला मी सही करायला पेन उघडलं, तेव्हा दारात धम्मानंद उभा होता. टोपी नव्हती. बर्डीनंतर पहिल्यांदाच त्याचे केस दिसले, चांगले होते. हातात कापडी पिशवी. तो आला, पिशवीतून एक वस्तू काढली आणि माझ्या फॉर्मवर ठेवली.

तारेचा ब्रश होता. कढईचं करपलेलं बूड घासायचा.

"मावशीचा हाय," तो म्हणाला. "शुक्रवारी मी धंतोलीले आलो तं हिनं बचत गटाच्या चार बायका घेतल्या अन् दगड घासला. तुमी बोलल्या होत्या ना, काळं बसलं म्हणून. पाहुणे येनार म्हटल्यावर भांडे घासतात तसा घासला. काल मले म्हणे, हाताले फोड आले, मलम आन."

मी ब्रशकडे पाहत राहिले. माझी दुसरी हिमनदी. मला हसू यायला हवं होतं, पण रागच आला, आणि राग आला की माझी ऑफिसातली मराठी पार आमच्या इतवारीच्या गल्लीत उतरते.

"अन् तुमी हे मले सांगाले इतक्या दूर आले? फोनवर सांगता नव्हतं येत? नाई, सांगतलंच काहून? एकसष्ट झाले होते, समजते का तुमाले? एकसष्ट! याच्याबिगर सत्तेचाळीस हायेत. तीस जूनले काय होईन, मालूम हाय ना?"

"मालूम हाय."

"मंग?"

"मंग मी रोज लोकायले काय सांगू?" तो शांतपणे म्हणाला. "ही रेषा बर्फाची, अन् ही मावशीची?"

मी उघडलेलं पेन बंद केलं.

"त्या दगडापाशी आजवर मले काईच खोटं सांगा लागलं नाई. टोपी घालतो, थे गंमत. पन रेषा खऱ्या हायेत म्हणून तं नौकरी सोडली." त्याने फॉर्मकडे बोट केलं. "अन् तुमची सही असन त्याच्यावर. उद्या कोनी येऊन पाह्यन, म्हणन निखारे मॅडमले घासणी अन् हिमनदी समजत नाई. थे मले... थे मले पाह्यवनार नाई."

त्या क्षणी मला कळलं. पाणी सोडल्यावर खडकावरची रेष कळते, तितकं स्वच्छ कळलं. हा माणूस स्वतःच्या पोटावर पाय देऊन माझी सही वाचवायला बसने आला होता. माझं त्याच्यावर प्रेम होतं. पाहणी संपायच्या आत झालं होतं, आणि ते फार नियमबाह्य होतं.

मी फॉर्म उचलला, ब्रश उचलला आणि सरांच्या खोलीत गेले. तो दाराबाहेर थांबला. दार लोटलेलं होतं, बंद नव्हतं.

"सर, दोन गोष्टी आहेत. आडव्या रेषा खोट्या आहेत. या ब्रशाच्या आहेत. मला शनिवारीच शंका यायला हवी होती, आली होती, मी दाबली."

सरांनी ब्रश उलटसुलट करून पाहिला. "आणि दुसरी?"

"या ठिकाणी माझा वैयक्तिक हितसंबंध आहे. त्यामुळे मी गुण देऊ शकत नाही."

"जमीन घेतलीस काय तिथं?"

"नाही सर." मी खाली पाहिलं. "राखणदार."

सरांनी चष्मा काढून पुसला. "किती आहे?"

"काय किती, सर?"

"हितसंबंध. अंदाजे."

"दहापैकी... नऊ."

दाराबाहेरून आवाज आला, "एक कशात गेला जी?"

"टोपीत," मी म्हटलं.

बाहेर कुणीतरी घाईने बाकावर बसल्याचा आवाज आला.

सरांनी त्याला आत बोलावलं आणि सगळं पुन्हा ऐकलं. मावशी, बायका, फोड, मलम. मग फॉर्म स्वतःकडे ओढला, माझे वाढवलेले चौदा गुण खोडले आणि पेन खाली सरकवत नेलं. "जतन. खडकाचं नुकसान केलं, दोन वजा. चार पावसाळे गेल्यावर या रेषा जातील, पण नुकसान ते नुकसानच. स्थानिकांचा सहभाग." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दहापैकी दोन दिलेस?"

"मंगळवारी तो एकटाच दिसला होता, सर."

"पाच बायका भर मे महिन्यात हाताला फोड येईस्तोवर दगड घासतात. आणि राखणदार स्वतःचे मार्क कमी करून घ्यायला नागपूरला येतो. चाळीस वर्षांत मी असा सहभाग पाहिला नाही." त्यांनी दोनचे आठ केले आणि बेरीज केली. "एक्कावन्न."

एक्कावन्न म्हणजे फाईल उघडी. एक वर्ष मुदत, कंत्राट एक वर्ष पुढे.

"फेरपाहणी मी करीन," सर म्हणाले. "निखारे, तू या ठिकाणी कामासाठी पाय ठेवायचा नाही. आणि गजभिये, तो ब्रश इथेच राहू द्या."

जिन्यात आम्ही दोघं उभे राहिलो. त्याने खिशातून कांदा काढला आणि माझ्या हातात दिला. "बाहेर ऊन हाय," तो म्हणाला. माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती पहिली प्रेमाची भेट, आणि ती मी घरी नेऊन फडताळात ठेवली.

जुलैच्या तिसऱ्या रविवारी मी गोटाळीला गेले. कामासाठी नाही; घरचे कपडे, छत्री, हातात फॉर्म नाही. पावसाळा लागून महिना होऊन गेला होता, आणि ओल्या खडकावर सगळ्या रेषा आपोआप वर आल्या होत्या. गडूला सुट्टी होती. लाल टोपी चिंब भिजून तिचा गोंडा एका कानावर लोंबत होता.

"हिमनदीत तुमचं..." तो म्हणाला आणि पुढचं विसरला.

"वही द्या," मी म्हटलं. "पर्यटक आहे मी. पुन्हा आलेली. पाच मार्कांचा रकाना आहे तो."

मावशींच्या पडवीत बसून मी वही उघडली. नाव लिहिलं, गाव लिहिलं. तो मान वाकडी करून बघत होता.

"काय आवडलं, थो रकाना कोराच सोडला तुमी."

"तो तोंडी सांगायचाय."

"सांगा ना मंग."

"सांगितला होता. सरांसमोर. दहापैकी."

"तवा मी दाराबाहेर होतो," तो म्हणाला. "अर्धंच ऐकू आलं."

"अर्धं ऐकून बाकावर कोण बसलं होतं?"

"बाक रिकामा होता जी."

"जी काय लावलंय? पाहणी संपली."

त्याने कानावरचा ओला गोंडा मागे सारला आणि चाचरत म्हणाला, "सांग ना वं, शामला."

मी सांगितलं. काय सांगितलं ते त्या वहीत नाही, इथेही असणार नाही. मग मी शेवटचा रकाना भरला आणि वही त्याच्याकडे फिरवली. पुन्हा याल का? त्याने वाचलं, ओठ हलवत, दोनदा: 'हो. पुढच्या रविवारी. बाबांना घेऊन.'

त्याचा चेहरा उतरला. "बाबा कशाले?"

"त्यांना आडव्या रेषा बघायच्यात. आणि... बाकीचंही बघतील."

"त्यायले बी मार्क द्यायची सवय हाय का?"

"माझ्यापेक्षा कडक आहेत."

त्याने डोक्यावरची टोपी हळूच काढली, पिळली आणि खिशात कोंबली. आतून भांड्यांचा आवाज थांबला. वच्छलामावशी पदराला हात पुसत दारात आल्या.

"पाहुणे येऊन राहिले का पुढच्या रविवारी?" त्यांनी विचारलं. "मंग घासा लागन."

"मावशी, दगड नाही," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.